बाळाच्या मेंदूतील पहिला ताल

मृग नक्षत्र जवळ आले की रोह्याच्या आसपासची रानातली संध्याकाळ वेगळीच दिसू लागते. कोलाडहून भिऱ्याच्या दिशेने जाताना, कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील एखाद्या झाडावर असंख्य काजवे बसलेले असतात. सुरुवातीस प्रत्येक काजवा आपल्या मर्जीने लुकलुकतो. मग हळूहळू शेजारच्या काजव्यांची उघडझाप एकमेकांशी जुळत जाते आणि प्रकाशाची लाट झाडाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकताना दिसते. त्यांना ताल धरून देणारा कोणीही नसतो. प्रत्येक काजवा केवळ आपल्या शेजाऱ्याचा प्रकाश पाहत असतो आणि तेवढ्यावरून सारे झाड एका लयीत येते.

आईच्या उदरातील बाळाच्या मेंदूतही असेच काहीसे घडते. डोळे अजून मिटलेले असतात, पाहण्यासारखे समोर काही नसते, तरीही मेंदूतील पेशी गटागटाने, एकाच वेळी जाग्या होतात, क्षणभर विजेचे संदेश पाठवतात आणि पुन्हा शांत होतात. ही नुसती हालचाल नव्हे. मेंदूची जोडणी याच तालावर होते, असे गेल्या चार दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे.

हा विषय प्रयोगशाळेपुरता आहे, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. कोणत्याही देशापेक्षा ही संख्या अधिक आहे. अशा बाळाच्या मेंदूची जोडणी आईच्या उदरात पूर्ण होत नाही. ती काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात आणि यंत्रांच्या आवाजात पुढे चालू राहते. तेव्हा ही जोडणी कशी होते, हे समजून घेतले तर अशा बाळाशी घरच्यांनी कसे वागावे, हेही आपणांस समजेल. याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पेशी आणि त्यांची संपर्कस्थाने

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांपैकी बहुतेक गर्भावस्थेतच तयार होतात. तरीही जन्माच्या वेळी मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते आणि मोठेपणी ते १,३०० ते १,४०० ग्रॅमपर्यंत जाते. ही वाढ मुख्यत्वे पेशींच्या फांद्यांची, त्यांवरील आवरणांची आणि आधार देणाऱ्या इतर पेशींची असते.

एका चेतापेशीची फांदी दुसरीजवळ येते, तेथे दोघींमध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. या संपर्कस्थानाला सिनॅप्स म्हणतात. पहिल्या पेशीत विजेचा संदेश आला की ती या फटीत एक रसायन सोडते आणि त्या रसायनामुळे दुसरी पेशी उत्तेजित होते किंवा शांत राहते. एका पेशीवर अशी हजारो संपर्कस्थाने असू शकतात.

आता प्रश्न असा की, कोणती पेशी कोणाशी जोडली जावी, हे कोण ठरवते? या प्रश्नाचा पहिला भाग आनुवंशिकतेचा आहे आणि त्यावर आपल्या मुंबईत महत्त्वाचे काम झाले आहे. कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. शुभा टोळे यांनी गर्भातील मेंदूचे निरनिराळे भाग कसे आखले जातात, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. स्मृतीशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग कोठे निर्माण व्हावा, हे ठरवण्यात एलएचएक्स-२ नावाच्या जनुकाचा कसा वाटा असतो, हे त्यांच्या गटाने २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

मात्र जनुके घराचा आराखडा देतात, घरातील प्रत्येक तार कोठे जोडायची हे एकेक करून सांगत नाहीत. मानवी शरीरात जनुके सुमारे वीस हजार आणि मेंदूतील संपर्कस्थाने मात्र कोट्यवधींच्या कोट्यवधी. इतका बारीक हिशेब जनुकांत मावणे शक्य नाही. तेव्हा प्रारंभी जोडण्या काहीशा सैल हाताने केल्या जातात, आणि पुढे त्यांतील कोणत्या ठेवायच्या व कोणत्या तोडायच्या, हे पेशींच्या प्रत्यक्ष कामावरून ठरते. एकत्र काम करण्याला महत्त्व येते ते येथे.

एकत्र जाग्या होण्याचा उपयोग काय?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली एक कल्पना मांडली. एखादी पेशी वारंवार दुसरीला जागी करण्यात भाग घेत असेल, तर त्या दोघींमधील जोडणी बळकट होते. पुढील संशोधनात ही कल्पना खरी ठरली. एका संपर्कस्थानातून येणारा धक्का बहुधा फार दुबळा असतो. एकट्याच्या बळावर तो पुढच्या पेशीला जागे करू शकत नाही. परंतु अनेक धक्के जवळजवळ एकाच क्षणी आले, तर ती पेशी जागी होते आणि त्या वेळी काम करणारी सर्व संपर्कस्थाने थोडी अधिक पक्की होतात. जे संपर्कस्थान नेहमी भलत्याच वेळी संदेश देते, ते दुबळे होत जाते आणि अखेरीस नाहीसे होते.

याचा एक सुंदर परिणाम होतो. डोळ्याच्या पडद्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन पेशी जर नेहमी एकाच वेळी जाग्या होत असतील, तर मेंदूतही त्यांच्या तारा शेजारी शेजारी स्थिरावतात. म्हणजे एकाच वेळी जागे होणे हीच मेंदूला मिळणारी शेजाराची खूण होय. बाहेरच्या जगाचा नीट नकाशा मेंदूत उमटतो, तो या खुणेच्या आधारे.

पण बाळाने अजून काहीच पाहिलेले नाही, तर डोळ्यातील पेशी एकत्र जाग्या होणार तरी कशा?

प्रवासी बसण्यापूर्वीची चाचणी

रोहा स्थानकापासून दक्षिणेकडे कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. १९९८ साली तो संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण करण्यात आला. कोणत्याही नव्या रेल्वेमार्गावर प्रवासी गाडी सोडण्यापूर्वी चाचणीच्या गाड्या धावतात, रूळ, पूल आणि सिग्नल तपासले जातात. मेंदूही काहीशी अशीच रीत पाळतो. खरे दृश्य येण्यापूर्वी तो स्वतःच संदेश निर्माण करून आपले मार्ग तपासतो आणि दुरुस्त करतो.

इटलीतील लुसिया गाली आणि लाम्बेर्तो माफेई यांनी १९८८ साली उंदराच्या गर्भातील डोळ्यांच्या पेशींचे संदेश नोंदवले. डोळ्यात प्रकाश शिरण्याची सोयच नव्हती, तरी या पेशी आपसूक जाग्या होत होत्या. १९९१ साली अमेरिकेत मार्कस माइस्टर, रेचल वाँग, डेनिस बेलर आणि कार्ला शॅट्झ यांनी मांजराच्या गर्भातील आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नवजात पिलाच्या डोळ्याचा पडदा अनेक विद्युतशलाकांवर ठेवून पाहिला. पडद्यावरून क्रियेच्या लाटा सरकत जाताना त्यांना आढळल्या. एक लाट यावी, मग मिनिट-दोन मिनिटे शांतता असावी, पुन्हा दुसऱ्या बाजूने लाट यावी, असा तो क्रम होता. २०१२ साली उंदरांच्या जिवंत पिलांत याच लाटा डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाताना प्रत्यक्ष पाहण्यात आल्या. ज्या उंदरांत या लाटांत बिघाड केला गेला, त्यांच्या मेंदूतील दृष्टीचा नकाशा पुसट आणि विस्कळीत राहिला.

उंदराच्या पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. तोपर्यंत नकाशाचा मोठा भाग आखून झालेला असतो. पाहण्याची पूर्वतयारी अंधारातच होते.

ताल कसा जुळतो?

हे एकत्र येणे नेमके कसे साधते, याचीही आता पुष्कळ माहिती उपलब्ध आहे. त्यातील चार गोष्टी आपण पाहू.

पहिली गोष्ट सरळ दारांची. अगदी कोवळ्या मेंदूत शेजारच्या पेशींच्या भिंतींत सूक्ष्म छिद्रे जोडलेली असतात आणि विद्युतभारित कण त्यांतून थेट इकडून तिकडे जातात. फटीत रसायन सोडण्याचीही गरज पडत नाही. दोन बिऱ्हाडांच्या मधले दार उघडे असावे आणि एका घरातील गडबड दुसऱ्या घरात आपोआप कळावी, तसे हे आहे. पुढे यांतील पुष्कळशी दारे बंद होतात.

दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची आहे. प्रौढ मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींना शांत करण्याचे काम करते. परंतु फ्रान्समधील येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले की, उंदराच्या नवजात पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हेच गाबा पेशींना उत्तेजित करते, आणि त्यामुळे तेथील सारे जाळे एकाच वेळी उसळून उठते. याचे कारण मिठात आहे. उरण-पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांत जे मीठ पिकते, त्यातील एक घटक म्हणजे क्लोराइड. कोवळ्या पेशीत क्लोराइड आत ओढणारा पंप जोरात असतो आणि बाहेर टाकणारा पंप अजून दुबळा असतो. त्यामुळे पेशीत क्लोराइड साचून राहते. गाबाने दार उघडले की ते बाहेर धावते आणि पेशी उत्तेजित होते. पुढे बाहेर टाकणारा पंप बळावतो, आतील क्लोराइड घटते आणि तेच दार उघडल्यावर पेशी आता शांत होते. दार तेच, किल्ली तीच, फक्त घरातील साठा बदलला आणि अर्थ उलटा झाला!

या बदलात आईचाही हात असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, प्रसूतीच्या वेळी कळा आणणारे आईच्या शरीरातील ऑक्सिटोसिन उंदराच्या गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथील गाबाला काही काळापुरते शांत करणारे बनवते. जन्माच्या धकाधकीत, प्राणवायू कमी पडण्याच्या क्षणी, पिलाचा मेंदू त्यामुळे निवांत आणि अधिक सुरक्षित राहतो.

तिसरी गोष्ट पुढाकार घेणाऱ्या पेशींची. आपल्या गायनवृंदात सर्वांचा आवाज सारखाच महत्त्वाचा असतो, तरी एक-दोन गायक असे असतात की त्यांनी सूर उचलला की बाकीचे आपोआप लागतात. २००९ साली रोझा कोसार यांच्या गटाने उंदराच्या कोवळ्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशाच पेशी शोधून काढल्या. त्यांची संख्या थोडी, पण फांद्या लांबवर पसरलेल्या आणि जोडण्या इतरांहून कितीतरी अधिक. अशा एकाच पेशीला चेतवले तरी साऱ्या जाळ्याच्या तालात फरक पडत असे.

चौथी गोष्ट प्रत्येक आईच्या परिचयाची आहे. बाळ पोटात लाथा मारते, हात झटकते. आपण समजतो की मेंदू हुकूम देतो आणि पाय हलतो. परंतु या वयात संदेश उलट दिशेनेही जातो. रुस्तम खाझिपोव आणि सहकाऱ्यांनी २००४ साली उंदराच्या नवजात पिलांत पाहिले की, पाय आपसूक झटकला गेला की त्यानंतर लगेच मेंदूतील त्याच पायाच्या जागेत पेशींचा एक समूह लयबद्धपणे जागा होतो. पुढे २००७ साली अपुऱ्या दिवसांच्या मानवी बाळांतही, २९ ते ३१ आठवड्यांच्या वयात, हात आणि पाय हलल्यावर मेंदूच्या संबंधित भागात अशाच लहरी उमटतात, असे मेंदूच्या आलेखात, म्हणजे ईईजीमध्ये, दिसून आले. बाळाचा मेंदू अशा रीतीने आपल्या शरीराची ओळख करून घेत असतो. हा माझा हात, हा माझा पाय, हे ज्ञान त्याला या छोट्या छोट्या झटक्यांतून मिळते.

झोपेत बाळ हसले किंवा दचकले की सटवाई त्याला खेळवते आहे, असे गावाकडील आज्या म्हणत असत. विज्ञान त्याचे कारण निराळे सांगते, पण आज्यांचे निरीक्षण अचूक होते. झोपेतील या हालचाली खरोखरच बाळाच्या वाढीचा भाग आहेत.

मग ताल सुटावाही लागतो

सर्व पेशी सदैव एकत्रच जाग्या होत राहिल्या तर मेंदू काहीच शिकू शकणार नाही. सारे गाव एकाच वेळी एकच शब्द ओरडू लागले, तर त्यातून बातमी कळत नाही. म्हणूनच जोडणीचा पहिला टप्पा संपत आला की मेंदू हा सामुदायिक ताल सोडू लागतो. उंदराच्या पिलांत जन्मानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, डोळे उघडण्याच्या सुमारास, मेंदूच्या बाहेरच्या थरातील पेशी एकत्र उसळणे कमी करतात आणि प्रत्येक पेशी आपल्या विशिष्ट कामाच्या वेळीच बोलू लागते. २००९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ही गोष्ट नोंदवली. त्यांपैकी एका गटाने असेही दाखवले की, हा बदल मुख्यतः मेंदूच्या आतूनच घडून येतो.

मानवी बाळातही या वाटचालीची खूण मिळते. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या ईईजीत क्रियेचा एक झोत दिसतो, मग बरीच सेकंदे जवळजवळ शांतता असते, पुन्हा झोत येतो. दिवस भरत जातात तशा या मधल्या शांतता आखूड होतात आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूत क्रिया अखंड चालू राहते. तज्ज्ञ डॉक्टर हा आलेख पाहून बाळाच्या मेंदूचे वय सांगू शकतात. मानवी मेंदूचा विद्युत आलेख जर्मनीतील हान्स बर्गर यांनी प्रथम १९२४ साली घेतला होता. आज त्याच तंत्राने नवजात अतिदक्षता विभागात बाळाच्या मेंदूवर लक्ष ठेवले जाते.

योग्य वेळी ताल सुटला नाही, किंवा पुढे भलत्या वेळी तो अतिरेकाने जुळला, तर त्रास होतो. आकडी, ज्याला कोणी फेफरे किंवा मिरगी म्हणतात, ती म्हणजे असंख्य पेशींनी एकाच वेळी अनावरपणे संदेश पाठवणे होय. नवजात बाळांत आकडी येण्याची शक्यता अधिक असते, त्याचे एक कारण वर सांगितलेले गाबाचे अपुरे रूपांतर हे आहे. गाबाची क्रिया वाढवणारी औषधे काही नवजात बाळांत अपेक्षेइतकी लागू का पडत नाहीत, याचेही एक स्पष्टीकरण त्यात मिळते.

वेळेचे मोल

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूच्या मूर्तीला बोटाने आकार देता येतो, तो माती ओली असेपर्यंतच. एकदा ती सुकली की रंग देता येतो, पण घडण बदलता येत नाही. मेंदूच्या बाबतीत अशी रेघ इतकी कठोर नाही, कारण माणूस आयुष्यभर शिकत राहतो. तरीही काही जोडण्यांसाठी ठरावीक काळ सर्वांत अनुकूल असतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलाचा एक डोळा काही आठवडे झाकून ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा निर्दोष होता, पण मेंदूने त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकली होती. मोठ्या मांजरात तसा परिणाम झाला नाही. या कार्यासाठी १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या काळातील पेशींच्या क्रियेचा परिणाम मनाच्या घडणीवरही कसा होतो, याचा पुरावा मुंबईतूनच मिळाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. विदिता वैद्य यांच्या गटाने २०२० साली 'ईलाइफ' या नियतकालिकात आपला प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या पिलांच्या पुढच्या मेंदूतील उत्तेजक पेशींची क्रिया त्यांनी जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत कृत्रिम रीतीने वाढवली आणि मग थांबवली. ही पिले मोठी झाल्यावर अधिक चिंताग्रस्त आणि लवकर हताश होणारी निघाली. हीच क्रिया किशोर किंवा प्रौढ उंदरांत तितकेच दिवस वाढवली, तेव्हा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही. केवळ तेरा दिवसांचा हा काळ, पण त्याची छाया आयुष्यभर राहिली. प्रा. वैद्य यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

उंदराचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. परंतु कोवळ्या मेंदूला क्रिया हवी, तीही त्याच्या वयाला साजेशी हवी, फार कमी नको आणि फार अधिकही नको, ही दिशा स्पष्ट आहे.

घरच्यांनी काय करावे?

रोहा, पेण, माणगाव या भागांतील एखाद्या घरात सातव्या किंवा आठव्या महिन्यात बाळ जन्मले, की त्याला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट मुंबईला न्यावे लागते. घरच्यांच्या मनावर मोठे दडपण येते. 'आता सर्व डॉक्टरांच्या हाती, आपण काय करणार?' असे उद्गार आपण नेहमी ऐकतो. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींवरून हे लक्षात येईल की घरच्यांच्या, विशेषतः आईच्या हातीही पुष्कळ काही असते.

सर्वांत महत्त्वाचा आहे आईचा स्पर्श. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवण्याच्या पद्धतीस 'कांगारू मदर केअर' म्हणतात. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, १ किलो ते १.८ किलोच्या दरम्यान वजन असलेल्या बाळांना जन्मानंतर लगेचच असे ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. बोगोटातील बाळांची वीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ही काळजी मिळालेल्यांत चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी आढळला. आईला शक्य नसेल तेव्हा वडिलांनी किंवा आजीनेही बाळाला असे छातीशी धरावे. यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

दुसरे आईचे दूध. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाला स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या आईचे दूध देण्याची ही सोय आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काळजीत मातांना सहभागी करून घेण्याचा आग्रहही त्यांनी धरला. पुढे १९९९ साली त्यांनी 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली.

तिसरी गोष्ट झोप आणि शांतता. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हालचालींची असते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात हे प्रमाण त्याहूनही अधिक असते. याच झोपेत मेंदू हातापायांची ओळख करून घेतो. म्हणून पाहुणे आले म्हणून बाळाला उठवू नये. पेटीजवळ मोठ्याने बोलू नये, तिच्यावर वस्तू आपटू नये. नवजात अतिदक्षता विभागातील आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. आईचा हळुवार आवाज मात्र बाळाला हवाच असतो. त्याच्या जवळ बसून सावकाश बोलावे, गुणगुणावे.

चौथी गोष्ट झटके ओळखण्याची. झोपेतील निरुपद्रवी झटके बाळ जागे होताच थांबतात. परंतु जागेपणीही एखादा हात किंवा पाय ठरावीक लयीत झटकत असेल, त्यावर हलकेच हात ठेवूनही तो थांबत नसेल, डोळे एका बाजूला स्थिर होत असतील किंवा श्वास मधूनच थांबत असेल, तर बाळाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या मुलाला आकडी आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली तर रुग्णालय गाठावे.

पाचवी गोष्ट डोळे आणि कान. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा, असा आपल्या देशातील नियम आहे. बाळ घरी आले, छान दूध पिऊ लागले की ही तपासणी राहून जाते आणि नंतर पश्चात्ताप होतो. बाहुलीत पांढरट डाग दिसला तर तो मोतीबिंदू असू शकतो. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारणतः पहिल्या दोन महिन्यांच्या आत झाली तर उत्तम, कारण डोळा नंतर उघडला तरी मेंदूतील त्याची जागा तोपर्यंत गेलेली असू शकते. कानांची तपासणीही याच कारणाने लवकर व्हावी. बाळ घरी आल्यावर आशाताई ठरावीक दिवशी भेट देतात. त्यांना परतवून न लावता मनातील शंका मोकळेपणाने विचाराव्यात.

शेवटी

अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले की शेजारीपाजारी आणि नातलग नकळत आईलाच दोष देऊ लागतात. 'जड उचललेस', 'प्रवास केलास', 'नीट खाल्ले नाहीस' अशी बोलणी तिला ऐकावी लागतात. पुष्कळदा लवकर प्रसूती होण्याचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. दोषाने खचलेली आई बाळाला छातीशी धरायलाही घाबरते, आणि त्याच वेळी बाळाला तिची सर्वाधिक गरज असते. त्या घरी जाताना आपण प्रश्न घेऊन जाऊ नये. जेवणाचा डबा घेऊन जावे, तिला दोन तास निवांत बसून बाळाला जवळ घेता येईल असे पाहावे.

बाळाच्या मेंदूतील पेशी एकमेकींचा ताल ओळखतात आणि त्यातून पाहणारा, ऐकणारा, विचार करणारा एक माणूस घडतो. हे काम त्या स्वतःच करतात. त्यासाठी लागणारी ऊब, दूध, झोप आणि वेळेवरची तपासणी मात्र आपण द्यायची असते. आपल्या धर्मग्रामात किंवा शेजारी असे बाळ असल्यास वाचकांनी ही माहिती त्याच्या घरच्यांपर्यंत अवश्य पोहोचवावी, ही आमची विनंती.